प्रिन्स्टन ते केंब्रिज

न्यूयॉर्कहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी सुमारें सव्वा तासानें प्रिन्स्टन जंक्शन या स्टेशनावर येते. नांवावरून प्रवाशाला वाटतें कीं, खालीं उतरलें कीं समोर तें जगप्रसिद्ध विद्यापीठ दिसेल. दिसतें तें मोटारी उभ्या करण्याचें एक अफाट मैदान! विद्यापीठ येथून पावणेतीन मैलांवर. तेथें नेण्याकरितां एक चिमुकली गाडी सारखी जा-ये करीत असते. तिला तेथील लोक लाडानें ‘डिंकी’ म्हणतात. पांच मिनिटांत प्रवास संपतो. आम्हांस नेरळ-माथेरानच्या गाडीची आठवण झाली. पण माथेरानची गाडी निदान डोंगर तरी चढते. हिच्यांत बसल्या जागेला ऊब येण्यापूर्वींच उतरावें लागतें.

स्टेशन ज्या गांवांत आहे त्याचें नांव वेस्ट विंडसर. त्याला लागूनच प्लेन्सबरो. दोन्ही गांवांच्या शाळा एकाच शिक्षणमंडळाच्या हातांत आहेत, आणि त्या शाळा चांगल्या आहेत एवढ्या एकाच कारणासाठीं येथें घर घेणारीं कुटुंबें पुष्कळ. त्यांत आपल्याकडचीं कुटुंबें इतकीं कीं, कोकम, मेतकूट, भाजणीचें पीठ या जिनसा दुकानांत शोधाव्या लागत नाहींत. फळीवर मांडलेल्या असतात. रस्ते रुंद, अंगणें नीटनेटकीं, आणि दुपारीं चारनंतर रस्त्यावर मूल दिसेल तर शपथ! सारीं कोठल्या ना कोठल्या शिकवणीला गेलेलीं. २०१५ सालीं येथील शाळांच्या मुख्य अधिकाऱ्यांनीं पालकांना लांबलचक पत्र लिहून मुलांवरील ताणाविषयीं धोक्याची सूचना दिली. हायस्कुलांतील सत्राच्या मध्यावरच्या व अखेरच्या मोठ्या परीक्षा बंद केल्या. कांहीं रात्री गृहपाठावांचून मोकळ्या ठेवल्या. त्यावरून गांवांत दोन तट पडले. एका तटाला वाटलें, बरें झालें, मुलें आतां झोपतील. दुसऱ्याला वाटलें, आपण सात समुद्र ओलांडून आलों तें मुलांनीं झोपावें म्हणून थोडेंच? कोणी हेच शब्द उच्चारले असतील असें नव्हे. भाव मात्र हाच होता.

याच भागांत आमची धाकटी बहीण व तिचे यजमान गेलीं कित्येक वर्षें राहतात. त्यांची मुलगी, आमची भाची, यंदा दहावींत आहे. आम्ही पोंचलों तो फेब्रुवारीचा आठवडा होता, आणि स्वयंपाकघराच्या मेजावर एक कागद पडला होता. अकरावीसाठीं विषय निवडण्याचा तो तक्ता. आठ चौकटी, त्यांपैकीं तीन भरलेल्या, पांच कोऱ्या. पुढच्या सोमवारीं आईबापांच्या सहीनिशीं तो शाळेंत परत जावयाचा होता. चहा होण्याच्या आंतच बहीण म्हणाली, “दादा, तूच सांग हिला. माझें ऐकत नाहीं. ही फ्रेंच घेऊन बसली आहे आणि आठवड्याचे दोन दिवस गांवच्या ग्रंथालयांत पुस्तकें लावायला जाते. अशानें कोठें प्रवेश मिळतो का?”

भाची कांहींच बोलली नाहीं. तिनें पेन्सिलीनें एका चौकटीची कड पुन्हां गडद केली, इतकेंच.

येथें आमच्या वाचकांना हा तक्ता म्हणजे काय प्रकरण आहे तें समजावून सांगणें जरूर आहे. आपल्याकडे दहावी व बारावी अशा दोन मोठ्या परीक्षांवर मुलाचें भवितव्य टांगलेलें असतें. आठवी-नववींत घसरलेला मुलगा शेवटच्या वर्षीं कंबर कसून वर येऊं शकतो, आणि त्याचें आपण कौतुकहि करतों. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें हायस्कूल नववीपासून बारावीपर्यंत चार वर्षांचें, आणि नववीच्या पहिल्या सहामाहीपासूनचा प्रत्येक विषयाचा प्रत्येक दर्जा एकाच पत्रकावर उमटत जातो. कॉलेजचा अर्ज बारावीच्या आरंभीं, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला किंवा नववर्षाच्या सुमारास करावयाचा असल्यामुळें त्या वेळीं हातांत असतात ते नववी, दहावी व अकरावी या तीनच वर्षांचे गुण. शिफारसपत्रें देणारे शिक्षक बहुधा अकरावीचे. म्हणून अकरावीचें वर्ष सर्वांत जड मानतात, आणि म्हणून तो कागद मेजावर पडला होता.

पण खरी गोम त्याहून आधींच्या वर्षांत आहे, आणि ती बहुतेक आईबापांना उशिरां कळते. गणिताची तेथें एक शिडी आहे : पहिलें बीजगणित, मग भूमिति, मग दुसरें बीजगणित, मग कॅल्क्युलसची पूर्वतयारी आणि शेवटीं कॅल्क्युलस. एका वर्षाला एक पायरी. जो मुलगा नववींत पहिल्या बीजगणितानें आरंभ करील, तो बारावीच्या अखेरीस कॅल्क्युलसच्या उंबरठ्यावर उभा राहील, आंत जाणार नाहीं. आंत जावयाचें तर आठवींतच बीजगणित संपलेलें पाहिजे. म्हणजे तेरा वर्षांच्या पोराला कोणत्या वर्गांत बसवावें हें ठरवितांना, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, इंजिनियरिंगच्या कॉलेजाचें एक दार अर्धें लोटलें जातें. नंतर उन्हाळ्याच्या सुटींत एखादी पायरी गांठतां येते, किंवा एका वर्षीं दोन विषय बरोबर घेतां येतात; पण त्यासाठीं तें कोणीतरी सांगावें लागतें. सांगणारा शाळेचा सल्लागार. अशा एका सल्लागाराकडे अडीचशेंहून अधिक विद्यार्थी नसावेत असें त्यांच्याच राष्ट्रीय संस्थेचें मत आहे; प्रत्यक्षांत देशाची सरासरी याहून बरीच जास्त भरते.

भाचीचें गणित सुदैवानें मार्गावर होतें. भांडण होतें तें इतर चौकटींचें. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणून कॉलेजच्या तोडीचे कांहीं विषय हायस्कुलांतच शिकवितात. मे महिन्यांत त्यांची देशभर एकच परीक्षा होते आणि एकापासून पांचापर्यंत गुण मिळतात. शेजारच्या मुलानें अकरावींत असे पांच विषय घेतले होते. मग आपल्या मुलीनें तीनच कां घ्यावेत? ‘शेजारचा मुलगा’ हा प्राणी सदाशिव पेठेपासून न्यू जर्सीपर्यंत सर्वत्र आढळतो, आणि त्याचे गुण नेहमीं आपल्या मुलाहून दोन अधिक असतात!

दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून प्रिन्स्टन पाहिलें. नॅसॉ हॉल ही १७५६ सालची दगडी इमारत मध्यभागीं आहे. १७८३ सालीं कांहीं महिने अमेरिकेची काँग्रेस येथेंच भरत असे. पायऱ्यांच्या दोन बाजूंस कांशाचे दोन वाघ. समोर फिट्झरँडॉल्फ दरवाजा. पदवी मिळण्यापूर्वीं यांतून बाहेर पडलेल्याची पदवी हुकते असा विद्यार्थ्यांचा समज, म्हणून तीं बाजूच्या फाटकांनीं जातात. आपल्याकडच्या मांजर आडवें जाण्याला हंसणाऱ्या मंडळींनीं हें अवश्य पाहावें. दाखविणारी एक विद्यार्थिनी होती. ती बर्फांतून उलट पावलीं चालत आमच्याशीं बोलत होती, आणि तिच्यामागून तीस-चाळीस पालक, आणि पालकांच्या मागून त्यांचीं मुलें, खिशांत हात घालून. प्रश्न सारे पालकांचे. किती विषय घ्यावेत? किती गुण लागतात? अशा प्रश्नांना सर्व नामांकित कॉलेजांचें उत्तर ठरलेलें असतें : तुमच्या शाळेंत जें शिकवितात त्यांतून झेपेल तितकें कठीण घ्या. हें उत्तर पालकांना टोलवाटोलवी वाटतें. वस्तुतः त्यांत अर्थ आहे. अर्जाबरोबर शाळा आपलें स्वतःचें एक माहितीपत्र पाठविते. आपल्याकडे कोणते कठीण विषय आहेत, गुण कसे देतों, हें त्यांत असतें. ज्या खेड्यांतल्या शाळेंत असे दोनच विषय आहेत तेथल्या मुलाला दोन घेतल्याबद्दल कोणी कमी लेखीत नाहीं. आणि ज्या शाळेंत पंचवीस आहेत तेथें पंचवीस घ्यावेत असेंहि कोणी म्हणत नाहीं.

याच प्रिन्स्टनमध्यें मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल ब्रिगहॅम यांनीं ती परीक्षा रचली, जिचें नांव आज प्लेन्सबरोच्या प्रत्येक घरांत इष्टमंत्रासारखें घेतलें जातें. १९२६ च्या जूनमध्यें सुमारें आठ हजार मुलें ‘एस्. ए. टी.’ला प्रथम बसलीं. ब्रिगहॅम यांनीं १९२३ सालीं एक ग्रंथ लिहून उत्तर यूरोपच्या वंशाची बुद्धि श्रेष्ठ असल्याचें अनुमान काढलें होतें; १९३० सालीं तें त्यांनीं स्वतःच मागें घेतलें. परीक्षा मात्र राहिली. २०२० च्या साथींत बहुतेक कॉलेजांनीं ती ऐच्छिक केली, मग एम्. आय्. टी.नें २०२२ सालीं, आणि हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमथ यांनीं २०२४ सालीं ती पुन्हां आवश्यक ठरविली. आमच्या मतें एका अर्थीं हें बरेंच झालें. परीक्षा दोन-तीन तासांची असते आणि तिची तयारी ग्रंथालयांतल्या पुस्तकावरून होते. अर्जाच्या बाकी भागांचें तसें नाहीं.

तो बाकीचा भाग आम्हीं बोस्टनच्या गाडींत वाचला. न्यूयॉर्क मागें पडून न्यू हेवन गेलें कीं रुळांच्या उजव्या हाताला समुद्राचीं खाजणें लागतात. वाळलेलें पिवळें गवत, गोठलेलें पाणी, मधूनच एखादी उलटी घातलेली होडी. भाची खिडकीशीं बसली होती, आणि मेहुण्यांनीं अर्जाचा नमुना छापून आणला होता. १९७५ सालीं पंधरा कॉलेजांनीं मिळून काढलेला हा समाईक अर्ज आज शेंकडों कॉलेजें घेतात. त्यांत शाळेबाहेरच्या उद्योगांसाठीं दहा जागा. प्रत्येकीचें वर्णन दीडशें अक्षरांत. एक निबंध, साडेसहाशें शब्दांपर्यंत. मेहुणे हिशेबी गृहस्थ. त्यांनीं दहा जागांपुढें आंकडे घातले आणि चार जागा रिकाम्या राहतात असें जाहीर केलें. त्या भरण्याचे उपायहि बाजारांत तयार आहेत : पैसे भरून करावयाचें उन्हाळी ‘संशोधन’, पैसे भरून परदेशीं करावयाची समाजसेवा, आणि हें सारें गुंफून देणारे सल्लागार. या बाजाराची पराकाष्ठा २०१९ सालीं उघडकीस आली. पोहणें किंवा नाव वल्हविणें ज्यांना ठाऊक नव्हतें अशीं धनिकांचीं मुलें लांच देऊन खेळाडू म्हणून कॉलेजांत शिरलीं होतीं. कित्येक आईबाप तुरुंगांत गेले.

आम्हीं भाचीला विचारलें, “ग्रंथालयांत नक्की काय करतेस?”

मग मात्र ती बोलली. परत आलेलीं पुस्तकें जागीं लावणें हें काम. पण म्हातारे वाचक तिला शोधीत येतात. एक आजोबा मोठ्या अक्षरांचीं पुस्तकें मागतात. तीं संपलीं, म्हणून दुसऱ्या गांवांहून मागविण्याची सोय तिनें शोधून काढली, आणि आतां अशा सात जणांची यादी तिच्याजवळ आहे. याचे ताशीं थोडे डॉलर मिळतात. बहिणीला हें सारें नवीनच होतें. “हें कधीं सांगितलें नाहींस!” असें ती म्हणाली; आणि उत्तर आलें, “तूं विचारलें नाहींस, आई.” पगाराची नोकरी आणि घरची जबाबदारी, म्हणजे धाकट्या भावाला सांभाळणें किंवा आजीची औषधें पाहणें, हीं त्या दहा जागांत लिहावयाचींच असतात, अर्जांत त्यासाठीं शब्दशः रकाना आहे. आपल्या लोकांना त्याची लाज वाटते, म्हणून ते तो गाळतात.

बोस्टनहून केंब्रिजला जमिनीखालच्या गाडीनें पंधरा मिनिटें लागत नाहींत. हार्वर्डच्या आवारांत जॉन हार्वर्डचा पुतळा आहे. डाव्या बुटाचें टोंक हातांनीं चोळून चोळून सोन्यासारखें झळकतें, कारण तें शिवलें कीं दैव उघडतें अशी प्रवाशांची श्रद्धा. पुतळ्याखालीं लिहिलेल्या तीन गोष्टींपैकीं एकहि खरी नाहीं : मूर्ति त्यांची नव्हे, ते संस्थापक नव्हते, आणि कॉलेज १६३८ चें नसून १६३६ चें. त्याच्याहि आधीं, १६३५ सालीं, पलीकडे बोस्टनमध्यें लॅटिन शाळा निघाली होती. म्हणजे शाळा आधीं, कॉलेज मागून. आज सारें उलटें झालें आहे, कॉलेज शाळेला वळण लावतें. वास्तविक याच हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखालीं १८९२ सालीं नेमलेल्या दहा जणांच्या समितीनें असें मत दिलें होतें कीं, मूल पुढें कॉलेजांत जाणार असो वा नसो, हायस्कुलांत प्रत्येक विषय सर्वांना सारखाच शिकवावा.

पुतळ्यापासून थोडें चालत गेलें कीं ब्रॉडवेवर गांवचें ग्रंथालय, आणि त्याला खेटून गांवचें सरकारी हायस्कूल. १९७७ सालीं दोन शाळा मिळून तें झालें. त्यांतली एक केंब्रिज हाय अँड लॅटिन. मराठी माणसानें येथें क्षणभर थांबावें. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथाच्या कामासाठीं हार्वर्डला आले ते १९१८ सालीं मुलाला बरोबर घेऊन. तो मुलगा, दामोदर, या शाळेंत शिकला. शाळेंतील गुणांच्या बळावर त्याला हार्वर्डची प्रवेशपरीक्षा द्यावी लागली नाहीं. पुढें बर्कहॉफसारख्या गणितज्ञानें त्यानें गणितालाच वाहून घ्यावें अशी इच्छा धरली, तरी त्यानें भाषांपासून नाना विषय घेतले आणि १९२९ सालीं उत्तम रीतीनें पदवी मिळविली. नाणीं, भर्तृहरि, प्राचीन भारताचा इतिहास यांवर पुढें त्यांनीं जें लिहिलें तें केवळ गणित शिकून लिहितां आलें नसतें.

परंतु त्याच काळाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. परीक्षेच्या जोरावर ज्यू मुलें फार येऊं लागलीं म्हणून अध्यक्ष लॉवेल यांनीं १९२२ सालीं त्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याचें सुचविलें. उघड मर्यादा प्राध्यापकांनीं मानली नाहीं. मग अर्जांत नवे प्रश्न आले : धर्म कोणता, वडील कोठें जन्मले, आईचें माहेरचें नांव काय, जन्मापासून नांव बदललें आहे का. १९२६ पासून ‘शील व योग्यता’ यांचा विचार होऊं लागला. मुलाचें समग्र व्यक्तिमत्त्व पाहावें ही आज जी उदात्त भाषा ऐकूं येते, तिचा एक पाय असा या चिखलांत आहे. शंभर वर्षांनीं आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या सदरांत कमी गुण पडत असल्याचे आंकडे कोर्टापुढें आले. हार्वर्डनें पक्षपात नाकारला, आणि २९ जून २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रवेशांत वंशाचा विचार करणेंच बंद केलें. तेव्हां जी चौकट कोणाच्या मर्जीवर भरली जाते, तिच्यासाठीं मुलीनें आपलीं चार वर्षें कापून शिवावीं हें आम्हांस कांहीं पटत नाहीं.

मेहुण्यांना आंकडे आवडतात, म्हणून त्यांना आंकडेच सांगितले. २०२४ सालीं हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, निवड १,९३७ जणांची झाली. शंभरांत चारसुद्धां नव्हेत. नाकारलेल्यांत सर्व चौकटी भरलेलीं मुलें हजारांनीं होतीं. ज्या गोष्टीवर आपला ताबा नाहीं तिची योजना करतां येत नाहीं. योजना करावयाची ती दारांची : गणिताची शिडी मोडूं नये, एकच परभाषा चार वर्षें सोडूं नये, कारण हार्वर्डच्या स्वतःच्या शिफारशींत ती आहे, जशीं इंग्रजी व गणित चार वर्षें आणि पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र आहेत, ज्या शिक्षकापुढें मूल तोंड उघडून बोलतें त्याचा वर्ग चुकवूं नये. ऐपतीचें भय आधीं धरूं नये. २०२५ सालीं हार्वर्डनें वर्षाला दोन लाख डॉलरांपर्यंत मिळकत असलेल्या घरांना शिक्षणाची फी माफ केल्याचें जाहीर केलें आहे, आणि प्रत्येक कॉलेजाच्या पानावर आपल्याला प्रत्यक्ष किती पडेल तें काढण्याचें गणित असतें. आणि यादींत जीं सहज घेतील अशीं दोन-तीन कॉलेजें असावींत. तींहि मुलीला खरोखर आवडलेलीं.

परतीच्या गाडींत तक्ता मेजावर निघाला. न्यू लंडनच्या अलीकडे रूळ पाण्याच्या इतके जवळ येतात कीं लाटा डब्याखालीं येतील असें वाटतें. तेथें बराच वेळ कोणी बोललें नाहीं. कॅल्क्युलसची पूर्वतयारी, पदार्थविज्ञान, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, फ्रेंच, शिवाय शाळेची सक्तीची कसरत. कठीण विषय पांचांऐवजीं तीनच. सातव्या चौकटींत भाचीनें संगणकशास्त्र घातलें. तें आईसाठीं कीं स्वतःसाठीं हें आम्हीं विचारलें नाहीं. आठवी चौकट राहिली. मेहुणे तिच्याकडे पाहत होते.

“ती मोकळी ठेवतां येते,” भाची म्हणाली. “त्या तासाला अभ्यास करायचा. मग मंगळवारीं ग्रंथालयांत वेळेवर पोंचेन.”

बहिणीनें पर्समध्यें पेन शोधलें; मिळालें नाहीं. आम्हीं आपलें दिलें. सही केल्यावर तिनें विचारलें, “त्या आजोबांना मराठी वाचायला येतें का ग? आपल्याकडे मोठ्या अक्षरांची ज्ञानेश्वरी आहे.”